औषध कंपनीचे पैसे घेणारी रुग्णसंघटना कंपनीला जाब विचारू शकते का?

रेवा:
एचआयव्हीच्या औषधांसाठी झटणाऱ्या रुग्णसंघटना आता कंपन्या आणि संशोधकांच्या बैठकांना असतात, चाचण्यांचे आराखडे वाचतात, संमतीपत्र सोपं करून घेतात. हे हवंच. पण काहींचा खर्च त्याच कंपन्यांच्या देणग्यांवर चालतो, आणि तिथे माझा ठाम विरोध आहे. १९८७ मध्ये एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध आलं तेव्हा त्याला वर्षाला सुमारे १०,००० डॉलर लागत. सप्टेंबर १९८९ मध्ये एड्सच्या उपचारांसाठी लढणाऱ्या अॅक्ट अप या संघटनेचे कार्यकर्ते न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात घुसले आणि काही दिवसांतच एझेडटी बनवणाऱ्या बरोज वेलकम कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. त्याच कंपनीच्या देणगीवर कार्यालय चालत असतं, तर ते तिथे घुसले असते?

साक्षेपी:
रेवाताई, किंमत उतरवायला रस्त्यावर उतरावं लागतं, मान्य. पण औषध लागू पडतं की नाही हे घोषणांनी कळत नाही, त्यासाठी आकडेवारी घेऊन संशोधकांशी वाद घालता यावा लागतो. १९९२ मध्ये अॅक्ट अपमधूनच ट्रीटमेंट अॅक्शन ग्रुप वेगळा निघाला. १९९४ मध्ये त्यांनीच सांगितलं की सॅक्विनाविर या एचआयव्हीवरच्या नव्या औषधाला घाईने मंजुरी देऊ नका, आधी मोठी चाचणी घ्या. इतर कार्यकर्ते भयंकर चिडले. लोक मरत असताना 'थांबा' म्हणायला किती धैर्य लागलं असेल! ते रुग्णांच्या बाजूचे नव्हते असं कोण म्हणेल?

रेवा:
मी कुठे म्हटलं? अभ्यासाला माझा विरोध नाही, देणगीला आहे.

पारिजात:
आणि अभ्यास, प्रवास, भाषांतर फुकट होतं का? पैसे नाहीत म्हणून संघटना बैठकीला गेली नाही, तर तिची खुर्ची रिकामी राहते आणि चाचणी तिच्याविना ठरते. २००४ मध्ये कंबोडियात टेनोफोविर या औषधाने एचआयव्हीचा संसर्ग टळतो का, हे पाहणारी चाचणी सुरू होण्याआधीच बंद पडली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी विचारलं होतं, पुढे दुष्परिणाम झाले तर आमच्या उपचारांचं काय? रास्त प्रश्न होता. आराखडा बनवतानाच त्यांना बोलावलं असतं तर कदाचित चाचणीही झाली असती आणि त्यांना हमीही मिळाली असती. पुढे २००७ मध्ये अशा चाचण्यांतल्या लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती पाळायलाही माणसं आणि पैसा लागतोच.

साक्षेपी:
अगदी. अनेक कंपन्यांचा मिळून निधी करा, वाटप तिसऱ्याच संस्थेकडे द्या, हिशेब जाहीर करा. एका कंपनीची मर्जी सांभाळायची वेळच येणार नाही.

रेवा:
त्याने ओझं कमी होईल, हे मानते. तरी एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या लेनाकापाविर या औषधाकडे बघा. वर्षातून दोनच इंजेक्शनं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली-तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही! वाचून मी अक्षरशः रडले. दुसरी चाचणी ब्राझील, पेरू, अर्जेंटिना, मेक्सिकोतही झाली. मग ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने १२० देशांसाठी त्याचं स्वस्त जेनेरिक, म्हणजे तेच औषध, बनवायचे परवाने इतर कंपन्यांना दिले आणि हे चारही देश वगळले. अमेरिकेतली किंमत वर्षाला २८,००० डॉलरच्या वर, तर परवान्यातल्या देशांसाठी २०२७ पासून ४० डॉलरचं जेनेरिक जाहीर झालंय. ज्यांनी स्वतःच्या शरीरावर हे औषध तपासू दिलं, त्यांचे देश यादीबाहेर का?

पारिजात:
इथे मी तुमच्याच बाजूची. म्हणून तर संघटना आत हवी, पहिल्या बैठकीपासून. औषध यशस्वी ठरलं तर या देशात ते कधी आणि कोणत्या किमतीला मिळेल, हे लेखी दिल्याशिवाय एकाही स्वयंसेवकाची नोंदणी होऊ देऊ नये.

रेवा:
आणि हे लेखी मागणाऱ्या संघटनेचा पगार गिलियडकडून येत असेल तर?