शिणाण्याच्या प्रथिनाचा हाडाचा डिंक कुठे मिळेल? तातडीने हवाय

खाडीकाठ: आईचं हाड अजून जुळत नाहीये. डॉक्टर म्हणतात, कमरेच्या हाडातून तुकडा काढून तिथे भरू. आणखी एक जखम तिला नको आहे. शिणाण्याच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्याच्या, प्रथिनापासून हाड भरून आणणारा डिंक निघालाय असं वाचलं. रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई, कुठेही जायची तयारी आहे. कोणाकडे मिळतो? खर्च किती? 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका, विचारून झालंय.

सुरंगी: कोणतं हाड? कधी मोडलं? वय, साखर? आत रॉड आहे की पट्टी? हे कळल्याशिवाय काय सांगणार!

रापण: आमच्या मामांचो हात हाडसांधीच्या वेलानच जुळलो. कोवळी कांडी वाटून तुपात परतून दिली. कच्ची खाव नकात, घसो खाजता.

बंदरपट्टी: रापणभाऊ, मामांना प्लास्टर होतं ना? मग श्रेय वेलाला कसं?

रापण: प्लास्टर होताच. पण सूज वेलानच उतारली. बघलंत काय तुम्ही?

खाडीकाठ: नडगीचं हाड. गेल्या गणपतीत गडग्यावरून पडली, रॉड घातलाय. वय ५८, साखर नाही. आता डिंकाचं सांगा.

सूक्ष्मदर्शी: मी प्रथिनांवर काम करते. खडकावरचं शिणाणं ओढून बघा, कवचाच्या फटीतून काळपट केसांचा झुपका निघालेला असतो आणि तो दगड सोडत नाही. त्या धाग्यांच्या टोकाला जी प्रथिनं असतात त्यांत डोपा नावाचा घटक भरपूर असतो, टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनलेला. तो ओल्या जागीही धरतो आणि हाडातल्या खनिजाला, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटलाही चिकटतो. एका ग्रॅमला सुमारे १०,००० शिणाणे लागतात असं सांगतात, म्हणून आता जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन बनवतात. दक्षिण कोरियात यावर बरंच काम झालंय.

पण हे प्रथिन स्वतः हाड घडवत नाही. फटीत भरलेले हाडाचे दाणे हलू देत नाही, पेशींना बसायला जागा देतं. बहुतेक प्रयोग उंदीर-सशांवरचे आहेत. पेशी चिकटवायला प्रयोगशाळेत विकतात तो डिंक माणसाच्या शरीरात घालायचा नसतो, कोणी देऊ केला तरी घेऊ नका. आईच्या स्वतःच्या कमरेच्या हाडात जिवंत पेशी, वाढीची प्रथिनं आणि सांगाडा, तिन्ही असतात. डॉक्टर तेच मागताहेत.

बाव: शिंपल्यांचं भस्म घेतलं तर? कॅल्शियमच ना ते.

सूक्ष्मदर्शी: कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, हाडातलं खनिज कॅल्शियम फॉस्फेटचं. खाल्लं म्हणून ते फटीत जाऊन बसत नाही.

माडबन: पोवळ्यापासून हाडाचे दाणे करतात, परदेशात वापरलेत. मालवणला पोवळी आहेत की. आणि शिणाणे सध्या कोणत्या बाजारात ताजे मिळतात? तिरफळ घालून सुकं करायचंय.

बंदरपट्टी: मालवणच्या पोवळ्यांना हात लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे त्यांना. सुक्याला वेगळा धागा काढा, इथे माणूस अडचणीत आहे.

सुरंगी: खाडीकाठ, आई मशेरी लावतात का?

खाडीकाठ: लावते, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी विडी-सिगारेटचं विचारलं होतं, ती ओढत नाही. मशेरीचा हाडाशी काय संबंध?

सुरंगी: मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त पुरलं नाही तर हाड धरत नाही. नडगीला पुढून मांसाचं पांघरूण कमी, तिथे आधीच रक्त बेताचं. मी हाडांच्या वॉर्डात परिचारिका आहे, विडी न ओढणाऱ्या बायका या प्रश्नातून सुटतात हे रोज बघते. मशेरी चालू राहिली तर कमरेचा तुकडा भरूनही धोका उरतोच. जखमेतून कधी पाणी येत होतं का?

खाडीकाठ: टाके काढल्यावर थोडे दिवस येत होतं. मग सुकलं.

सुरंगी: हे डॉक्टरांना नक्की सांगा. आत जंतुसंसर्ग दबून असेल तर आधी तो काढावा लागतो. सीआरपी आणि ईएसआर केलंय का विचारा, साध्या रक्ततपासण्या आहेत. पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे तारखेने लावून न्या. आणि मशेरी आजपासून बंद. आई चिडतील, डोकं दुखेल, झोप उडेल. त्या दिवसांत कोणीतरी सोबत राहा.