परिचारिका दिनाला सिस्टर आणि मावशींची निवड कशी करावी?

प्रश्न: ट्रस्टचं ५० खाटांचं रुग्णालय आहे. १२ मेला उत्कृष्ट सिस्टर आणि मावशी निवडायच्या आहेत. मतदान घेतलं की ओपीडीतल्या ओळखीच्या चेहऱ्यांनाच मतं पडतात. काय करावं?

मेट्रनबाई: मतदान नकोच. डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना छोटं कार्ड द्या: कोणी, कधी, नेमकं काय केलं. ‘सिस्टर फार प्रेमळ’ बाजूला ठेवा. ‘रात्री दोनला सलाईनचा हात सुजलेला बघून लगेच सुई बदलली’ हे धरा. लिहिता न येणाऱ्यांचं बिलिंग काउंटरवर लिहून घ्या. वॉर्डात सिस्टर समोर असताना कोण खरं बोलणार? समितीपुढे कार्डं नावं झाकूनच.

वॉर्ड इन्चार्ज: ऑपरेशन थिएटर-आयसीयूची कार्डं कमीच येणार, तिथे सहकाऱ्यांची शिफारस घ्या. मावशी-वॉर्डबॉयचा गट वेगळा हवा. निकष: दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीची निगा, युरोबॅग (लघवीची पिशवी) वेळेत रिकामी करणं. मात्र बेडसोरच्या (पडून राहून होणाऱ्या जखमांच्या) आकड्यावर गुण नकोत, लोक नोंदच करायचं सोडतात.

नाइटवाला ब्रदर: कार्यक्रम ड्युटी बदलताना ठेवा. नाइट करून झोपलेल्याला सत्काराला उठवणं ही शिक्षाच! शाल-श्रीफळासोबत एक पगारी सुट्टी द्या. कंत्राटी मावशींची बक्षिसाची रक्कम ठेकेदारामार्फत नको, थेट खात्यात.