लाल एलईडी लावला की पांढरा विझतो, असं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कॉमर्सवाली, विजेच्या बाबतीत बल्ब बदलण्यापलीकडे मजल नाही, पण यंदा गणपतीच्या मखराचे लाइट मीच करणार असं लेकीनं जाहीर केलंय (नववीत आहे, एकसर-समांतर जोडणी नुकतीच शिकलीये त्यामुळे अंगात आलंय) आणि तीन दिवस झाले, डायनिंग टेबलवर जेवायला जागा नाही.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून लाल-पांढरे एलईडी, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता सुटे भाग खोचून जोडायची भोकांची पट्टी), ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असं सगळं आणलं. पहिला एलईडी थेट बॅटरीला लावला, चकाकला आणि गेला. मग कळलं रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) लागतो. लांब पाय प्लसला हेही कळलं, पण दुकानदाराला "खराब माल दिला" म्हणून शिव्या घालून झाल्यावर. गणित लेकीनं केलं, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, उरले ७, करंट २० मिलीअँपिअर म्हणजे ०.०२, सात भागिले ते, आले ३५० ओहम. दुकानात ३३० चा मिळाला, त्यावरचे किती ओहमचा ते सांगणारे पट्टे नारंगी नारंगी तपकिरी नि शेवटी सोनेरी. एकटा लाल झकास लागतो.

आता घोळ असा की त्याच एका रेझिस्टरपुढे लाल आणि पांढरा पॅरललमध्ये (म्हणजे समांतर) लावले तर फक्त लाल लागतो, पांढरा ढिम्म. लाल उपटला की पांढरा लगेच लागतो! म्हणजे तो खराब नाही. पुस्तकात तर लिहिलंय समांतर जोडणीत सगळ्यांना सारखंच व्होल्टेज. लेक म्हणते पुस्तक चुकलंय, मी म्हणते आपलं चुकलंय पण कुठे ते सांगता येईना, आणि नवरा म्हणतो रेडिमेड माळ आणा. तिन्ही-चारी एलईडी सीरीजमध्ये (म्हणजे एकसर) लावले तर चालेल का? जाणकारांनी प्लीज सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद: ताई, पुस्तक बरोबर आहे. दोघांना सारखंच व्होल्टेज मिळतंय, फक्त ते २ च मिळतंय! एलईडी साध्या बल्बसारखा नसतो, लाल एकदा २ च्या आसपास चालू झाला की त्याच्या दोन पायांमधलं व्होल्टेज तिथेच अडकतं, फारसं वर चढत नाही, उरलेले ७ रेझिस्टरवर पडतात. पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, ते त्याच्या वाट्याला येतच नाहीत. म्हणून प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर द्या. पांढऱ्यालाही ३३० चालेल, ४७० घातलात तर उजेडात फार फरक दिसणार नाही, बॅटरीही जास्त टिकेल. सीरीजमध्ये एक लाल दोन पांढरे म्हणजे ८ व्होल्ट तिथेच गेले, बॅटरी जरा उतरली की सगळे मंद. आणि पूर्वीच्या माळेसारखं, एक गेला की सगळेच गेले. दहा दिवस लावायचं तर चौकोनी बॅटरी पुरणार नाही, ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर घ्या. घरातल्या २३० ला मात्र हा प्रयोग अजिबात नको.

धागाकर्ती: लागले!! दोन्ही लागले. पुस्तकाला माफी मिळालीये. आता तिला लाइट उघडझाप करणारे हवेत, त्याला ५५५ नावाची आयसी (छोटी चिप) लागते म्हणे. जेवण अजून काही दिवस खाली सतरंजीवर.