आकाशगंगेच्या मधल्या भागाचा अभ्यास आफ्रिकेत नक्की कसा करतात?

सड्यावरचा_वेंगुर्लेकर:
मे महिन्यात सड्यावर झोपलो की मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे आकाशगंगेचा पट्टा मस्त दिसतो. धाकट्या बहिणीने विचारलं की त्याच्या मधे काय आहे, कोण बघतं? दक्षिण आफ्रिकेत मोठं काम चालतं एवढंच ऐकलंय, कोणी नीट सांगेल का?

देवगडकर_७:
अरे मीरकॅट, तिकडची रेडिओ दुर्बीण! कारू नावाच्या ओसाड भागात १३.५ मीटर व्यासाच्या ६४ डिश आहेत, २०१८ पासून चालू. मधे इतकी धूळ आहे की साधा प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही पण रेडिओ लहरी आरपार येतात, आणि आपल्याकडे क्षितिज नि डोकं यांच्या मधोमध दिसणारा तो भाग तिकडे जवळजवळ डोक्यावरून जातो म्हणून तासन्‌तास बघता येतो. २०२२ मधे त्यांनी काढलेलं चित्र बहिणीला दाखवच, बारीक धाग्यांसारखे शेकडो तंतू दिसतात. मी तर अर्धा तास बघत बसलेलो.

रत्नागिरीची_मानसी:
मोबाईलच्या सिग्नलने गोंधळ होऊ नये म्हणून २००७ मधे तिथे कायदाच केलाय, हे मला सगळ्यात भारी वाटतं. आणि केप टाउन विद्यापीठाच्या जॅसिंटा डेल्हेझ आणि त्यांच्या टीमने मीरकॅटवरूनच दोन अजस्र रेडिओ दीर्घिका (जोरदार रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिका) शोधल्या, २०२१ ची बातमी.

सड्यावरचा_वेंगुर्लेकर:
थँक्यू दोघांना! आपल्याकडे असं काही आहे का?

देवगडकर_७:
आहे ना, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटरच्या ३० डिश. सुट्टीत घेऊन जा तिला.