मातीचा नमुना कुठून घेतला, ते आधी बघा

माती तपासणीचा रिपोर्ट हातात असताना जमिनीबद्दल म्हाताऱ्यांचे अंदाज कशाला, असं काहीजण म्हणतात. अर्धंच पटलं. मृदा आरोग्य पत्रिकेच्या, म्हणजे माती तपासून रिपोर्ट देणाऱ्या सरकारी योजनेत बागायतीला अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना धरलाय. आमचं वाळवा तालुक्यातलं रान सगळं मिळून तीन एकर, आणि तेवढ्यात मातीच्या दोन तऱ्हा. वरच्या अंगाला ऊस छातीला लागतो, ओढ्याकडच्या तुकड्यात उगवणच विरळ. दोन्ही एकत्र कालवून येणारा आकडा कुठल्याच तुकड्याचा नसतो. म्हणून यंदा आमच्या म्हाताऱ्या आण्णांना पुढं घातलं. टाचेनं ढेकूळ फोडत "हितनं घे, हितनं नको" सांगत गेले, तसे दोन वेगळे नमुने दिले.

पण आण्णाही चुकले बरं का. वरंब्यावर पांढरं फुटलं की त्यांच्या लेखी जमीन चोपण (सोडियमनं बिघडलेली), टाका जिप्सम (ती सुधारायची खनिज भुकटी)! खालच्या, ओढ्याकडच्या तुकड्याचा सामू (पीएच) आला ८.१ आणि क्षारता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ५ डेसीसायमन प्रति मीटर. क्षारता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त, पण चोपण म्हणायला सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त लागतो. म्हणजे इथं जिप्सम नको, आधी चर काढून निचरा करून क्षार बाहेर घालवायला पाहिजेत. जिप्समची चार पोती आणलेली, ती गोठ्यात पडून आहेत.