घरी बांधलेला वॉटर-कूल्ड पीसी : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

इंदिरानगर

नाशिकमध्ये हौसेने पीसी जोडणारे पुष्कळ आहेत, पण पाण्याचा लूप (चिपवर बसून उष्णता घेणारा धातूचा ब्लॉक, रेडिएटर, टाकी आणि पंप नळ्यांनी जोडून पाणी फिरवत ठेवायची व्यवस्था) स्वतः बसवणारे मोजकेच. त्यांनी काय केलं, कुठे अडलं, कशावर पैसे घालायला हवे होते आणि कशावर नको होते, हे मराठीत एका जागी मिळावं म्हणून हा धागा. सुरुवात मी करतो. पूर्ण बांधणीच हवी असं नाही. नुसतं ग्राफिक्स कार्ड पाण्यावर नेलं असेल किंवा विचार करून बेत सोडून दिला असेल, तरी लिहा.

माझं काम थ्री-डी रेंडरिंगचं. घर वन बीएचके, रेंडर रात्रभर चालतो आणि कॉम्प्युटर झोपायच्या खोलीतच आहे. कार्ड ३२० वॅटचं, प्रोसेसर पूर्ण ताणावर १४० च्या आसपास खातो. एवढी उष्णता कार्डावरचे छोटे पंखे बाहेर फेकायला लागले की त्या आवाजात लहान मूल झोपत नाही. मला कमी तापमानापेक्षा शांतता हवी होती आणि ती मिळाली. ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर आहेत, म्हणजे १२० चे सहा पंखे. ते इतके सावकाश फिरतात की छताचा पंखा त्यांच्यापेक्षा जास्त वाजतो.

सामान घ्यायच्या आधी कागदावर हिशेब मांडला होता, तो देतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. लूपमधून मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर दर अंशामागे ते जवळपास ७० वॅट उचलतं. माझे ४६० भागिले ७०, म्हणजे लूपमधल्या सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत गार जागेत फरक साडेसहा अंशांचा. त्यामुळे आधी प्रोसेसर की आधी कार्ड, मधे रेडिएटर हवा का, यात डोकं शिणवू नका. नळी जिथून आखूड जाईल तिथून न्या. क्रम एकाच ठिकाणी पाळायचा : टाकी पंपाच्या वर, म्हणजे पंपाच्या तोंडाशी कायम पाणी राहतं.

आणि पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेतं. खोलीत ४६० वॅट सुटतात ते सुटतातच. खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी ३८ च्या खाली जाणार नाही. माझ्याकडे भर कामात ते खोलीपेक्षा दहाएक अंश वर असतं. जानेवारीत खोली १८ असताना पाणी २८, मे महिन्यात तेच ४८. माझा पंप डी५ प्रकारचा आहे, त्याला ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं, म्हणून निभावतं. पण रेडिएटर निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा. ढोबळमानाने दर १०० वॅटमागे १२० चा एक पंखा मावेल एवढा रेडिएटर धरला तर पंखे हळू ठेवता येतात.

सातपूर

माझं टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क आहे, त्यामुळे आट्यांबद्दल लिहितो. लूपच्या जवळजवळ सगळ्या फिटिंगला जी १/४ आटे असतात : बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) पॅरलल म्हणजे सरळ, इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१५७ मिलिमीटर. घरच्या नळाला टेपर म्हणजे निमुळते आटे असतात, ते पिळत गेलं की एकमेकांत रुततात आणि टेफ्लॉन टेप उरलेली फट भरतो. पॅरलल आटे कितीही पिळा, आट्यांवर पाणी थांबत नाही. ते थांबतं कॉलरखालच्या ओरिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर. म्हणून टेप अजिबात गुंडाळू नका. टेपमुळे फिटिंग पूर्ण बसत नाही, आणि त्याचे तुकडे सुटून प्रोसेसरच्या ब्लॉकमधल्या बारीक पात्यांत जाऊन बसतात. ओरिंगला पाण्याचं बोट लावायचं, हाताने फिरवत न्यायचं, कॉलर टेकली की किंचित आवळायचं. संपलं. ॲक्रिलिकच्या टाकीला पाना लावला तर तडा ठरलेला.

दुसरं, धातू. बाजारात स्वस्त रेडिएटर ॲल्युमिनियमचे मिळतात आणि ब्लॉक तांब्याचे. दोन्ही एकाच पाण्यात फिरले की पाण्याचं इलेक्ट्रोलाइट होतं आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्याचा पांढरा गाळ ब्लॉकमध्ये अडकतो, प्रवाह घटतो, आणि माणूस थर्मल पेस्ट (चिप आणि ब्लॉकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलत बसतो. तांबं, पितळ आणि त्यावर निकेलचा मुलामा, एवढेच धातू लूपमध्ये ठेवा. कंपनीतून सीलबंद येणाऱ्या एआयओमध्ये (पंप, ब्लॉक, रेडिएटर एकत्र असलेला तयार कूलर) तांब्याची प्लेट आणि बहुधा ॲल्युमिनियमचा रेडिएटर असतो, पण त्यात गंजरोधक घातलेलं पाणी असतं आणि तो बंद राहतो. तो उघडून घरचं पाणी भरायच्या भानगडीत पडू नका.

पंपासाठी मी ३ मिलिमीटरच्या पत्र्याचा ब्रॅकेट घरच्या घरी केला आणि खाली रबरी बुश दिले. पंप कॅबिनेटच्या पत्र्याला थेट आवळला की सगळं कॅबिनेट गुणगुणतं. दोन बुशांनी ते थांबलं. शांततेसाठी एवढा खर्च करायचा असेल तर या रबरांना विसरू नका.

देवळाली कॅम्प

पीसी माझ्या मुलाचा, तो बारावीनंतरच्या सुट्टीत बांधला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून पाण्याचं खातं माझ्याकडे आलं.

मुलगा म्हणाला, आपल्या आरओचं पाणी स्वच्छच आहे की. टीडीएस मीटर बुडवून दाखवला. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, आणि आमच्या बोअरवेलचं तर विचारूच नका, गिझरच्या कॉइलवर चढलेला थर सगळ्यांनी पाहिला आहे. बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या पाण्याचं सील बघा आणि घरी मीटर लावा. आकडा शून्याजवळ असेल तरच ते लूपमध्ये घाला.

पण नुसतं डिस्टिल्ड पाणीही पुरत नाही. त्यात क्षार नाहीत, तरी शेवाळाचे बीजाणू हवेतून आणि हातांतून येतातच. पाणी कोमट, टाकी पारदर्शक, वर खिडकीतलं ऊन : लॅबमध्ये काही वाढवायचं असेल तर आम्ही साधारण हेच करतो. त्यामुळे जंतुरोधक आणि गंजरोधक दोन्ही असलेलं तयार कूलंट घ्या, किंवा त्याचं कॉन्सन्ट्रेट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने जास्त घालू नका. कॉम्प्युटर उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका.

नवा रेडिएटर आतून स्वच्छ असतो असं गृहीत धरू नका. डाखकामाचा फ्लक्स आत राहिलेला असतो. आम्ही तो अर्धा भरून हलवला, तर पहिलं पाणी राखाडी आलं. पाणी नितळ होईपर्यंत विसळत राहिलो आणि शेवटचा हात डिस्टिल्डचा दिला. हे काम कंटाळवाणं आहे, पण आम्ही दोघं मोरीत बसून खूप बोललो. एरवी तो दार लावून घेतो.

आणखी एक. डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही म्हणून गळलं तरी चालेल, असं मुलं एकमेकांना सांगतात. बोर्डावरच्या धुळीत क्षार असतात, पाणी त्यात मिसळलं की ते वीज वाहून नेणारच. गळती म्हणजे गळतीच.

शालिमार

देवळालीच्या ताईंनी छान लिहिलंय. माझं साइनबोर्डचं दुकान, ॲक्रिलिकशी रोजचा संबंध, म्हणून कडक नळीबद्दल सांगतो.

कडक नळ्या दोन प्रकारच्या : ॲक्रिलिक आणि पीईटीजी, दोन्ही प्लास्टिकच. पीईटीजी लवकर मऊ होते, वाकवायला सोपी, चुकली तरी तुटत नाही. पण गरम पाण्यात ती लवकर सैल पडते. वर मे महिन्यात ४८ अंश लिहिलंय, त्यात पंप अचानक बंद पडला तर ब्लॉकजवळचं पाणी बघता बघता चढतं आणि फिटिंगमधली नळी निसटू शकते. आपल्या उन्हाळ्यासाठी मी ॲक्रिलिकच सुचवेन. तिला जास्त उष्णता आणि जास्त धीर द्यावा लागतो.

वाकवताना आत सिलिकॉनची दोरी घालायची, नाहीतर नळी वळणावर चपटी होते. हीटगन एका जागी धरायची नाही. नळी हातात फिरवत राहायची, वळणाच्या दोन्ही बाजूंना थोडं पुढेपर्यंत तापवायची. ती आपल्या वजनाने झुकायला लागली की साच्यावर टेकवायची आणि गार होईपर्यंत हलवायची नाही. बुडबुडे आले तर ती जास्त तापली, तो तुकडा बाजूला ठेवा. कापल्यावर कडा आतून-बाहेरून घासून गोल करा, धारदार कडेने ओरिंग कापला जातो.

सगळ्यांत महत्त्वाचं : ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका. बोर्डाच्या कामात आम्ही हे शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो. अल्कोहोलने कापलेल्या आणि वाकवलेल्या जागी केसासारख्या रेषा उमटतात, त्या वाढत जाऊन तडा होतो. थर्मल पेस्ट पुसायचं अल्कोहोल टाकीच्या आसपासही नको. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

कॉलेज रोड

मी वेगळं मत मांडतो. आमच्या आर्किटेक्चरच्या ऑफिसात लूप होता, तो काढून पुन्हा मोठा एअर कूलर बसवला. गळला नाही, बिघडला नाही. पण कार्ड बदलायचं ठरलं तेव्हा जुना ब्लॉक नव्या कार्डाला बसेना. ब्लॉक त्या एका पीसीबीसाठीच (कार्डाच्या सर्किट बोर्डासाठी) कोरलेला असतो, आणि एकाच चिपची वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं वेगवेगळ्या पीसीबीवर असतात. नवा ब्लॉक मागवायचा, थर्मल पॅडची (चिप आणि ब्लॉकमधल्या मऊ पट्टीची) जाडी जुळवायची, पाणी काढायचं, नळ्या पुन्हा कापायच्या, आणि तोवर ड्रॉइंग थांबलेली. दोन तासांत कार्ड बदलून कामाला लागणं ज्यांना भाग आहे त्यांनी नीट विचार करावा. शिवाय कार्डाचा मूळ कूलर काढला की वॉरंटीचा प्रश्न येतो. दुकानदाराकडून लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

घरच्या हौसेला माझा विरोध नाही. लूप असताना ऑफिस खरंच शांत होतं, हेही खरं.

सिडको

माझं सगळं सामान आलंय, उद्या-परवा पाणी भरणार. लीक टेस्टसाठी पूर्ण कॉम्प्युटर चालू करावा लागतो का? आमच्याकडे मधेच लाइट जाते, तेव्हा पंप थांबला तर?

इंदिरानगर

नाही. मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढून ठेवा, एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला) फक्त पंप जोडा. स्विच बंद असताना २४ पिनच्या कनेक्टरमधली पीएस-ऑन, म्हणजे सप्लाय चालू करणारी पिन आणि एखादी ग्राउंडची पिन जोडायची. साध्या रंगाच्या वायरींत ती हिरवी आणि काळी असते. सगळ्या वायरी काळ्या असतील तर दहा-वीस रुपयांच्या तारेचे प्रयोग नकोत, तयार जंपर प्लग घ्या. मग पंप काही सेकंद फिरवायचा, टाकी उतरली की थांबवायचा, भरायची, पुन्हा फिरवायचा. कोरडा फिरवू नका, डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि २४ तास तसंच. कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना कलतं केलं की रेडिएटरमध्ये अडकलेली हवा वर येते.

त्याही आधी हवेने तपासता आलं तर उत्तम. गेज असलेला छोटा हातपंप मिळतो. अर्धा बार हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. पाण्याचा थेंबही न सांडता गळती कळते.

लाइटचं म्हणाल तर, वीज गेली की प्रोसेसर आणि कार्डही बंद पडतात, म्हणजे उष्णता तयार होणंच थांबतं. धोका पंप एकटा थांबण्यात आहे. पंपाची आरपीएम वायर (तो किती वेगाने फिरतो हे सांगणारी) मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या हेडरला लावा आणि बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंप थांबल्याची सूचना चालू ठेवा.

पिंपळगाव बसवंत

द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंगचं काम बघतो. इथे बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं ते मला पोरांनी विचारलं होतं : लूपला छोटा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, जोडला तर? किंवा टाकीत बर्फ?

कृपया नको. पावसाळ्यात आपल्याकडे २६ अंशांच्या दमट खोलीत दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) सहज २२-२३ असतो. नळी त्याच्याखाली गेली की बाहेरून घाम फुटतो आणि पाणी नेमकं सॉकेटवर ठिबकतं. लूप एकदम मजबूत, एक थेंब गळत नाही, तरी बोर्ड ओला. पॅकहाउसमध्ये आम्ही इन्सुलेशन घालतो, निचऱ्याची वाट करतो, तेव्हा ते चालतं. कॅबिनेटमध्ये ते नीट करणं फार अवघड. खोलीच्या तापमानाच्या वर राहणारं पाणी हीच या पद्धतीची सुरक्षितता आहे.

आमच्याकडच्या धुळीत रेडिएटरची पाती भरतात, ती ब्लोअरने पंख्याच्या उलट दिशेने साफ करा. तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

सिडको

सर्वांचे मनापासून आभार. हवेने तपासलं. काटा हळूहळू उतरत होता. साबणाचा फेस लावून बघितलं तर कार्डाजवळच्या ९० अंशांच्या फिटिंगमधून बुडबुडे येत होते. ओरिंग तर नीट दिसतोय. आणखी आवळू का?

सातपूर

आवळू नको. ती फिरती फिटिंग आहे ना? तिच्यात कॉलरखालचा ओरिंग वेगळा आणि फिरणाऱ्या सांध्यातला वेगळा. हवा आतल्या सांध्यातून येत असणार, तो बाहेरून आवळून बंद होत नाही. फिटिंग काढून दुकानात बदलून घे, आणि नवी लावायच्या आधी हातात फिरवून बघ : डुलत असेल तर तीही परत कर. नळीचं वजन त्या सांध्यावर येऊ देऊ नको. बदलली की काटा पुन्हा अर्ध्या बारवर आण, अर्धा तास ठेव आणि मगच पाणी भर. नळ्या कापताना सगळ्यांत खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक बॉल व्हॉल्व्ह आत्ताच टाकून घे. पुढच्या वेळी पाणी बदलायला कॅबिनेट उलटं करावं लागणार नाही.