हिमरूचं बॉम्बर जॅकेट, बाटिकचं काइन (कमरेला नेसायचं कापड), खाली स्नीकर्स: कापड किती, शिलाई कशी?

लातूरची_पोर
इंडोनेशियाच्या एका तरुण मॉडेलचे फोटो बघितले. जाकार्ताचा फुटपाथ, कमरेला बाटिक (मेणाने नक्षी काढून रंगवलेलं कापड), वर ढगळ हुडी, पायात पांढरे स्नीकर्स. आपल्याकडे मराठवाड्याचं सुती-रेशमी हिमरू कापड आहे, मग असं का करू नये? कॉलेजच्या शोसाठी दोन गोष्टी ठरवल्यात. एक, हिमरूच्या शालीचं बॉम्बर जॅकेट (शाल २ मीटर बाय १ मीटर, छाती ३६ इंच). दोन, खाली बाटिक नेसायचं (सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ३८ इंच). टेलर म्हणतात हिमरू कापलं की उसवतं, आणि नेसलेलं बाटिक चालताना सुटेल अशी धास्ती आहे. नीट सांगा, शाल एकच आहे.

शिलाईमास्तर_परभणी
टेलर खोटं बोलत नाहीत. शाल उलटी करून बघा. हिमरूत ताणा सुती असतो आणि बुट्टीचे रेशमी धागे वरून जादा टाकलेले असतात. बुट्टी संपली की ते धागे मागे मोकळे लोंबतात. कात्री लागली की त्यांना धरणारं काहीच उरत नाही, बुट्टीच ओघळते.

म्हणून आधी खडूने आखा, त्या रेषेवर मशीनची टीप मारून घ्या आणि मग टिपेच्या बाहेर दीड सेंटिमीटर सोडून कापा. लगेच इंटरलॉक, म्हणजे कड उसवू नये म्हणून मारायची मशीनची शिलाई. कापलेली पानं घडी घालून उद्यावर ठेवली तर सकाळी कडा अर्ध्या गेलेल्या असतात. सुई ११ नंबरची, नवी. टाका ३ मिलिमीटर. बारीक टाक्याने रेशीम फाटतं.

आता कापड. पाठ ५६ सेंमी रुंद, पुढची दोन पानं ३०-३० सेंमी, लांबी ६८. पाठ आणि एक पान शेजारी बसतात (८६ सेंमी), दुसरं पान त्यांच्या खाली. म्हणजे १३६ सेंमी गेले. उरलेल्या ६४ मध्ये बाह्या काढायचा मोह होईल, पण एक बाही वर आणि एक खाली अशी ओढाताण होते, बुट्टी जुळत नाही. बाह्या वेगळ्या घ्या. नांदेडची जाडसर खादी गडद रंगात छान दिसते, ११२ सेंमी पन्ह्याची ७० सेंमी पुरे. खादी आधी रात्रभर पाण्यात टाका, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आखडते.

कापड दुहेरी घालून कापू नका. पुढचं एक पान कापा, ते पालथं करून कापडावर ठेवा, बुट्टीवर बुट्टी बसवा, मग दुसरं. चेनच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी बुट्टी वेगवेगळ्या उंचीवर आली तर बाकी शिलाई कितीही चांगली असो, नजर तिथेच अडकते.

फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) फक्त चेनची कड आणि गळा एवढंच. सगळीकडे लावलं तर शाल पुठ्ठ्यासारखी होते. अस्तर मात्र हवंच, २ मीटर मऊ सुती, कारण मागच्या मोकळ्या धाग्यांत बोटं, अंगठ्या, बांगड्या सगळं अडकतं. खालचा घेर १०० सेंमी असेल तर रिब (ताणणारी विणलेली पट्टी) ८२ ते ८५ घ्या आणि ताणत शिवा. पूर्ण मापाची घेतली की जॅकेट खाली झग्यासारखं लोंबतं.

धागादोरा
बाटिकचं बोलते. इंडोनेशियात अशा कापडाला काइन म्हणतात आणि ते नेसणं म्हणजे 'बरकाइन'. लांब काइन साधारण अडीच मीटर बाय १०५ सेंमी असतं. आपली लुंगी घेऊ नका, ती २ मीटरचीच. सीट ३८ इंच म्हणजे ९७ सेंमी. दोन वेढ्यांना १९४ जातात, अडीच मीटरमधून ५६ उरतात. त्यात ५-५ सेंमीच्या पाच निऱ्या बसतात (एका निरीला १० सेंमी लागतात). जाव्यातही काइनला पुढे अशाच निऱ्या घालतात, त्यांना 'विरू' म्हणतात आणि संख्या विषमच ठेवतात.

निऱ्या आदल्या रात्री घालून, क्लिपा लावून, जड पुस्तकाखाली ठेवा. नेसताना आधी सायकलिंग शॉर्ट्स, मग काइन. वरची कड १२ सेंमी बाहेर दुमडा, म्हणजे खालचा काठ घोट्याच्या वर येतो आणि बूट दिसतो. दुमडीच्या आतून सुती नाडी घट्ट बांधा. सुटतं ते नाडी नसल्याने, खोचलेलं टिकत नाही. पहिला वेढा घेताना पाय खांद्याएवढे फाकवून उभ्या राहा; पाय जुळवून नेसलात तर पाऊलच पडणार नाही.

घेताना उलटी बाजू बघा. मेणाने केलेल्या बाटिकमध्ये नक्षी दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरते. मागे पांढरट असेल तर ती नुसती छपाई. छापील नेसायला हरकत नाही, पण शोच्या पाटीवर 'बाटिक' लिहू नका. २००९ साली युनेस्कोने मान दिला तो मेणाच्या कामाला.

नक्षीचा अर्थही विचारून घ्या. तिरक्या लाटांची 'पारांग' एकेकाळी योग्याकर्ताच्या राजघराण्यापुरती राखलेली होती. 'स्लोबोग' मयताच्या प्रसंगी नेसतात, ती तर शोला नकोच. 'कावुंग' घ्या, गोल पाकळ्यांची, लांबूनही ठसठशीत दिसते.

आणि पांढरे बूट घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ चोळून बघा. गडद निळा रंग सुटतो, बुटाला लागला की जात नाही. धुवायला डिटर्जंट नको. तिकडे लेराकच्या फळाने धुतात, ते आपल्या रिठ्याच्याच कुळातलं. आठ-दहा रिठे रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, त्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा.

लातूरची_पोर
ताई, मास्तर, फार उपकार झाले. खादीऐवजी आईच्या जुन्या पैठणीच्या बाह्या केल्या तर?

शिलाईमास्तर_परभणी
पैठणी धड असेल तर कात्री लावू नका, मी तरी लावणार नाही. घडीवर चिरलेली असेल तर चालेल, चिरलेला भाग टाळून. पैठणीची नक्षी आडव्या धाग्यांच्या गुंफणीतून होते, मागे मोकळे धागे नसतात, म्हणून ती हिमरूपेक्षा कमी उसवते. पण जुना रेशमी धागा कोपरात ताण सोसत नाही. बाहीच्या आत मलमल लावून दोन्ही एकत्र शिवा आणि काखेत पैठणी नको, घामाने जर काळी पडते.

धागादोरा
मला पैठणी नकोच वाटते. हिमरूची बुट्टी, पैठणीचा मोर, खाली कावुंग, तिघं एकाच वेळी बोलायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. त्या फोटोत वर साधा हुडी होता म्हणूनच बाटिक दिसलं. हिमरूचं जॅकेट घालणार असशील तर काइन 'लुरिक' घे, जाव्यातलं हातमागाचं साधं पट्ट्यांचं सुती कापड. फक्त बारीक पट्टे मोबाइलच्या फोटोत लहरी मारतात, म्हणून बोटभर रुंद पट्टा बघ.

फोटो लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत काढा, पण दुकानं उघडायच्या आधी. ऊन कलतं असतं, बाजूने आलं की रेशीम उठून दिसतं. दुपारी बाराच्या उन्हात ते नुसतं पांढरं चमकतं, बुट्टी हरवते.